अण्णांचे पितळी नट

अण्णांबरोबर नटबोल्ट घ्यायला जाणं म्हणजे मुलगी पाहायला जाणं. लष्कर शहरातल्या बाड्याच्या बाजारातला दुकानदार डबा पालथा करी. अण्णा एकेक नट बोल्टावर चढवत आणि लगेच उतरवत. "आवळतो कोणीही. सुटतो कसा ते बघ," हे त्यांचं पालुपद. दुकानदार वैतागून म्हणे, "भाईसाब, लोग कसने के लिए ले जाते हैं." अण्णा चष्मा कपाळावर ढकलून पुढचा नट उचलत.

अण्णा आमचे शेजारी आणि संस्थानी मोटारखान्याचे कारभारी. मी तिथलाच ड्रायव्हर. त्यांची बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही. तिच्या पितळी खलबत्त्यात रोज सकाळी आलं कुटायचं आणि माझ्या बायकोला, सुमनला, हाक मारायची, "सूनबाई, चहा." त्या ठणठणाटानं आमची गल्ली जागी व्हायची. सुमननं एकदा तो खलबत्ता घासायला घेतला, तर अण्णांनी हातातून काढून घेतला.

संस्थान मध्य भारतात विलीन झालं होतंच. आता मध्य भारतही नव्या राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला. मोटारखान्यातली आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार तिकडे मागवली. ती मी सोमवारी पोचवली तर माझी नोकरी पक्की, नाहीतर तिथला कोणी ड्रायव्हर टपून बसलेला. सुमन सोबत येणार होती, तिला सातवा महिना. अण्णांचं वय झालेलं, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

आणि नेमका इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ तडकला. नवा मिळाला, पण तो बसवायला अण्णांना एकही नट पसंत पडेना. मी लोखंडी नट आणले, लांब बोल्ट आणले. सगळे बाजूला.

"पितळी हवेत," अण्णा म्हणाले. त्या मापाचे पितळी नट अख्ख्या लष्कर शहरात नव्हते.

शनिवार असाच गेला. रविवारी दुपारी माझं डोकं फिरलं. "अण्णा, सरळ सांगा ना, तुम्हाला गाडी जाऊच द्यायची नाहीये."

"लोखंड तापलं की लोखंडाला धरून बसतं," अण्णा शांतपणे म्हणाले. "मग सोडवायला जावं तर मोडतं. जुन्या नळाचे नट काढताना काय झालं, पाहिलंस ना? भोपाळला कोणी तरी खोलेल, बोल्ट तुटेल, नळ सैल राहील आणि धूर आत येईल. त्या गाडीत तू बसणार. उद्या तर सूनबाईही बसणार."

एवढं बोलून टोपी घातली आणि गेले. मी मोटारीच्या पायरीवर बसून राहिलो. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो होतो.

दिवे लागायच्या सुमाराला अण्णा आले. रुमालात नवे कोरे, चकचकीत पितळी नट.

"कुठं मिळाले?"

"खरादवाल्यानं लेथवर कातून दिले. पाना दे."

प्रत्येक नट त्यांनी आवळला, पुन्हा सोडला, पुन्हा आवळला. मी दातओठ खात कंदील धरून उभा. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी एकेका जोडाजवळ तळवा नेऊन पाहिला. कुठंही धूर नव्हता. "जा आता," म्हणाले.

सकाळी आम्ही दोघं निरोप घ्यायला गेलो. स्वयंपाकघरातून कुटण्याचा आवाज येत होता, पण रोजचा ठणठणाट नव्हता. नुसतीच टकटक.

आत पाहिलं. अण्णा खलात आलं कुटत होते, मी आणलेल्या एका लांब लोखंडी बोल्टानं. बत्ता कुठं दिसेना.

सुमन मटकन पाटावर बसली.

"तसा वाईट नाही हा बोल्ट," अण्णा म्हणाले. "मोटारीत चालला नसता, एवढंच. घे सूनबाई, चहा."

मी म्हटलं, "अण्णा, चला ना आमच्याबरोबर."

त्यांनी मान हलवली. मोटारीपर्यंत मात्र आले. सुमनला हात देऊन आत बसवलं, दार लावलं आणि माझ्या खिडकीशी वाकले.

"तिकडे कधी ते नट खोलावे लागले तर जोर लावू नकोस," म्हणाले. "तिच्या हातचं पितळ आहे. हळूच सुटेल."