तांडेलाच्या अंगणातली गळती

शिवदासने मोटारसायकल भिकू तांडेलाच्या अंगणात उभी केली आणि खाली पाहिले. इंजिनाखालून काळ्या तेलाचा एक थेंब नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पडला होता. दुसरा पडायच्या बेतात होता. माणगावहून श्रीवर्धनला येताना वाटेत एक दगड लागला होता. त्यानेच खालचा बोल्ट ढिला केला असणार. दोष किरकोळ होता. पाना असता तर चहा निवायच्या आत काम झाले असते, पण पाना मुंबईला राहिला होता.

शिवदास मुंबईत एका साहेबाची मोटार चालवायचा. साहेब विलायतेला परत जाताना ही फटफटी त्याला देऊन गेला. आज तिच्यावर बसून तो भिकूच्या गोदूला मागणी घालायला आला होता. ओटीवर तबकात सुपारी ठेवलेली होती. तांडेलाने ती फोडली की लग्न ठरले. मात्र होडीचा म्होरक्या असलेल्या या तांडेलाचा एक नियम साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक होता: ज्याचे वाहन गळते, त्याला मुलगी द्यायची नाही. मागच्या वेळी मागणी घालायला आलेल्या मुलाच्या होडीत त्याला करवंटीभर पाणी दिसले, आणि तो मुलगा चहा न पिताच परत गेला होता.

शिवदासने हळूच बूट पुढे सरकवून थेंब झाकला.

"उन्हात कशाला उभे? वर या," गोदूची आई नीराबाई म्हणाली.

"इथंच बरं हाय, मावशी. वारा लागतोय."

झाडाचे पानही हलत नव्हते. तेल बुटात उतरले, मग मोजा भिजला. शेवटी त्याने कुंपणाजवळची एक करवंटी पायाने ओढून गाडीखाली सारली आणि नीराबाईने तिथेच आणून दिलेल्या चहाचा निश्चिंतपणे घोट घेतला. तेवढ्यात एक कोंबडी आली. तिने करवंटीत चोच बुडवली, करवंटी कलंडवली आणि काळे पाय उमटवत ती थेट ओटीवर भिकूसमोर जाऊन उभी राहिली.

भिकूने कोंबडी पाहिली, पावले पाहिली, मग गाडीखाली पाहिले. त्याच्या तोंडातली विडी खाली पडली. त्याने तबकातली सुपारी उचलून बंडीच्या खिशात घातली.

"गळतंय," तो म्हणाला.

"थोडंसंच, मामा. एवढं चालतं."

"मागला पन हेच बोलला व्हता."

दाराआडून गोदू म्हणाली, "बाबा, गळतंय तर बुजवा की. तुमच्या हातनं बुजवलेली फट कधी उघडलीय काय?"

भिकू थांबला. मग त्याने कापूस, राळ आणि लाकडी हातोडी मागवली.

"अवो, ती राळ आपल्या होडीची हाय," नीराबाई म्हणाली. "तळाची फट भरायची न्हाय काय?"

"होडी कुठं पळून जात न्हाय. आधी जावई बघू दे."

जावई हा शब्द ऐकला आणि शिवदासने स्वतःच गाडी धरून ठेवली. भिकूने खालचा बोल्ट राळेने लिंपला. मग दिसेल त्या फटीत कापूस ठोकला. शेवटी तो मागच्या नळीपाशी आला आणि हबकला.

"एवढं मोठं भोक, आनि तू मुंबईत फिरतोस?"

"मामा, तिथनं धूर जातो."

"धूर जातो तिथनं पानी येतं."

नळी बुजली. शिवदासला वाटले, संपले. पण भिकूने चार गडी बोलावले. त्यांनी वल्ह्यांवर गाडी उचलली आणि खाडीची वाट धरली.

"कुठं नेताय?" शिवदासने मागून धावत विचारले.

"पान्यात घातल्याबिगार कसं कळनार?"

सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर जमला. शिवदासच्या डोळ्यांदेखत साहेबाची फटफटी दिव्यासकट पाण्याखाली गेली. एक बुडबुडा वर आला. भिकूने तिथे बोट दाखवले, गाडी वर काढली, उरलीसुरली राळ लावली आणि पुन्हा बुडवली. आता काहीच वर आले नाही.

"आता बघ," तांडेल म्हणाला आणि त्याने तिथेच, खडकावर, सुपारी फोडली.

गाडी अंगणात आणली. शिवदासने लाथ मारली. पुन्हा मारली. गाडी गप्प.

"आता हिला काय झालं?" भिकू चकित होऊन म्हणाला. "गळत तर न्हाय."

संध्याकाळ व्हायच्या आत जावयाला दिघीला, त्याच्या गावच्या घरी, पोचवणे भाग होते. भिकूने स्वतःची होडी काढली, मधोमध फटफटी आडवी ठेवली आणि शीड सोडले. वाटभर तो गळक्या वाहनांच्या आळशी मालकांबद्दल बोलत राहिला. शिवदास मान हलवत होता.

अर्ध्या वाटेत शिवदासचा दुसरा मोजाही भिजला. त्याने खाली पाहिले. तळाच्या फटीतून पाणी शांतपणे आत येत होते.

त्याने वर पाहिले. तांडेलाचे बोलणे बंद झाले होते. तो दूर क्षितिजाकडे बघत होता, आणि त्याचा उजवा पाय हळूहळू त्या फटीवर सरकत होता.

शिवदासने होडीतली करवंटी उचलली आणि तो पाणी उपसायला लागला.

"थोडंसंच हाय, मामा," तो म्हणाला. "एवढं चालतं."