पालकाचा अंगठा

आमच्या गावात खोकला आधारकार्डावरचं वय बघून माणसाला धरतो. पाच वर्षांच्या पोराला धरलं, तर दोन दिवस नाक गाळून सोडतो. पण त्याच्या अंगावरून घरभर पसरतो. सत्तरीच्या माणसाला धरलं, तर छातीत बसतो आणि उठत नाही.

माझं वय पंचाहत्तर. कार्डावर पाच. टाइप करणाऱ्यानं १९५० चं २०२० केलं. दुरुस्तीला शाळेचा दाखला मागतात. मी शाळेत अडीच महिने गेलो, त्याचा दाखला कोण देणार? माझी तक्रारही नव्हती. थंडीत दोन दिवस नाक वाहायचं, तिसऱ्या दिवशी मी गवंडीकामावर.

गेल्या थंडीत खोकला माझ्याकडून हिराला लागला. हिरा माझी बायको. तिचं कार्ड बरोबर आहे, बहात्तर. एकवीस रात्री ती बसून झोपली. पुढचा खोकला तिला झेपायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दिवाळीनंतर दवाखान्यातल्या शैला सिस्टर खोकल्याची लस घेऊन घरी आल्या. हिराला टोचली. मी म्हणालो, काम झालं.

“निम्मं झालं, बाबा. या वयात लस अंगात पुरती मुरत नाही. घरातल्या पोराला टोचली, तर आजींना जास्त आधार.”

“घरात पोर नाही.”

त्यांनी यादी पुढे केली. “आहे की. तुम्ही.”

बुधवारी अंगणवाडीत, पालकाला घेऊन यायचं होतं. मी नाही म्हणालो. ती अंगणवाडी मी बांधली आहे. तिथं पोरांच्या रांगेत मी उभा राहणार नाही.

हिरा वाद घालत नाही. तिनं तीन उशा भिंतीला रचून ठेवल्या. थंडीत लागतील, म्हणाली.

बुधवारी मी रांगेत उभा राहिलो. पालक म्हणून हिरानं अंगठा दिला. अंगणवाडीच्या ताईंनी माझी उंची मोजली, पाच फूट सात. वयाच्या मानानं बरी, असा शेरा मारला. एकोणीस पोरं रडली. मी रडलो नाही.

“शहाणं आहे हो,” हिरा ताईंना म्हणाली.

थंडीत खोकला आळीत आला. आमच्या घरी आला नाही. उशा तशाच राहिल्या.

जूनमध्ये मला कार्डावर सहा पूर्ण झाली. मास्तर पहिलीचा प्रवेश लिहून घ्यायला आले. दाखल्याचा प्रश्न सुटला. हिरा मला शाळेपर्यंत सोडायला आली. चढ होता. ती एकदाही खोकली नाही.