पडीक कॉम्प्युटरचा कब्जा

रिकाम्या जागेवर कुणाची ना कुणाची नजर असतेच, हे थेरगावात कुणाला शाळेत जाऊन शिकावं लागत नाही. यशोदाबाई दुसरीपर्यंतच शिकल्या, तरी डांगे चौकापासून नदीपर्यंत कुठलं वावर कुणाचं होतं आणि कसं गेलं, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या घरातलंही. त्यांच्या सासऱ्यांनी ओढ्याकाठचं वावर एकाला वाट्यानं कसायला दिलं होतं. पुढं कायदा आला, कूळ लागलं आणि कसणारा मालक झाला. आज तिथं मोठी सोसायटी आहे. तिच्या गेटासमोरून जाताना यशोदाबाई अजूनही नाकाला पदर लावतात.

तेव्हापासून घराचं धोरण ठरलं: वापरायला खुशाल द्यावं, कब्जा सोडू नये. मागच्या खोल्यांचे बीड-लातूरचे भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर. शेजारणीला वाटीभर साखर दिली तरी वाटीवर नाव कोरलेलं. (साखरेवर कोरता येत नाही, ही शास्त्राची उणीव.)

अशा घरात धाकट्या निरंजननं पुण्यकर्म केलं. निरंजन चाकणच्या कंपनीत इंजिनियर. घरचा कॉम्प्युटर यशोदाबाईंच्या नावावर घेतलेला, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. त्यात त्यानं एक प्रोग्रॅम टाकला.

"आई, हा दिवसभर पडूनच असतो. कुणी वापरत नसलं की लांबचे शास्त्रज्ञ यावर त्यांची गणितं सोडवणार. नवी औषधं शोधायला."

"पडून म्हंजी पडीक?"

"तसंच म्हण."

"आन् ते येऊन कसनार?"

"हो, कसणारच म्हण."

"वाट्यानं?"

"फुकट गं. शास्त्राला दान."

यशोदाबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. "अकरा म्हयन्यांचा करार केलास?"

निरंजननं करार केला नव्हता. समोर लांबलचक मजकूर आला होता, त्याच्या तळाशी त्यानं 'मान्य आहे' दाबलं होतं. (न वाचता मान्य करता येणं, याला उच्च शिक्षण म्हणतात.)

"आरं, तुझ्या आज्यानं आंगठा उठवायच्या आदी इचारलं तरी व्हतं, ह्यात काय लिवलंय म्हून!"

यशोदाबाई शास्त्राच्या विरोधात मुळीच नव्हत्या. रक्तदाबाची गोळी त्या शास्त्रावर उपकार केल्यासारखी रोज घेतात. पण त्यांचा हिशेब सरळ होता. शास्त्रज्ञ येणार कॉम्प्युटर पडीक असताना. तेव्हा तो पडीक राहूच द्यायचा नाही. समोर सतत घरचा माणूस पाहिजे, आणि अधूनमधून माऊस हलला पाहिजे. प्रोग्रॅम काढून टाकणं हा उपाय निरंजननं सुचवला. तो फेटाळण्यात आला, कारण दिलेलं दान परत घेणं या घराला शोभत नाही.

पदासाठी पात्रता ठरली: रिकामं बसण्याचा दांडगा अनुभव. पिंपरी-चिंचवडमध्ये असे उमेदवार घरटी एक निघतात (काही घरांत दोन, तिथं मुलाखती घ्याव्या लागतील). यशोदाबाईंच्या घरातून अर्जुनराव, म्हणजे त्यांचे यजमान, बिनविरोध निवडून आले. उरलेली जमीन कंपनीला गेल्यापासून ते ओट्यावरच होते.

"अवो, तुमी निस्तं बसायचं. मधनंमधनं त्यो उंदीर हलवायचा."

"हलवून काय करायचं?"

"काय न्हाई. आजवर जे केलं त्येच, फकस्त उंदीर धरून."

अर्जुनराव आधी कुरकुरले, मग रमले. सकाळी अंघोळ करून, टोपी घालून ते आतल्या खोलीत 'ड्युटीवर' जाऊ लागले. चहा जागेवर येऊ लागला. पुढं त्यांनी आठवड्याची सुट्टी मागितली, तेव्हा सून रुपाली बदली कामगार म्हणून बसली. पिंपळे गुरवच्या सरूबाई भेटायला आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुमचं मालक या वयात कामाला लागलं जनू!" यशोदाबाईंची मान ताठ झाली.

वर्षअखेरचा अहवाल समाधानकारक होता. कब्जा: अबाधित. शास्त्राला मिळालेला वेळ: निरंक. झिजलेले उंदीर: दोन. अर्जुनरावांचं पोट: वाढीस. शोधलेली औषधं: परदेशातून विचारणा आल्यास कळवू.

अखेर निरंजननं कुणाला न विचारता प्रोग्रॅम काढून टाकला. यशोदाबाईंनी हे दानच नव्हतं असं ठरवलं आणि विजयी मुद्रेनं आतल्या खोलीत गेल्या.

"उठा आता. गेलं तुमचं शास्त्रज्ञ."

अर्जुनराव उठले नाहीत.

"मी कशापायी उठू? वरीसभर हितं कसलं कुनी? वहिवाट माझी. मी कूळ हाय ह्याचं."

"कूळ? घरधनी हाय तुमी माझं!"

"मंग करार दाव की."

यशोदाबाई दारातच थांबल्या. भाडेकरूंचे करार ट्रंकेत होते, दूधवाल्याचं कार्ड खिळ्याला होतं. घरधन्याशी मात्र त्यांनी कधी काही लिहून घेतलं नव्हतं. सासऱ्यांचं वावर त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. अर्जुनरावांनी शांतपणे उंदीर हलवला.

तेव्हापासून यशोदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ओट्यावर अडवून ही हकिकत सांगतात. तुम्हालाही अडवतील. ऐकून हसणाऱ्याच्या तोंडाकडे त्या बघत नाहीत, त्याच्या हातातल्या फोनकडे आणि त्यावर सरकणाऱ्या अंगठ्याकडे बघतात.

"डोकं तुमच्याच नावावर हाय न्हवं?" त्या विचारतात. "मंग दिसभर त्ये कसतंय कोन? आन् अकरा म्हयन्यांचा करार केलाय, का तुमीबी 'मान्य आहे' दाबून मोकळं झालाय?"