सात डझन अंडी आणि सांता क्लारा

बिबियानाच्या मांडीवरच्या टोपलीत बदकाची शहाऐंशी अंडी होती. शाबूत चौऱ्याऐंशी, तडा गेलेली दोन. टोपली बसच्या डिकीत टाकायची नाही, अशी आईची ताकीद होती. उद्या दुपारी तीनला सामार बेटावर थोरल्या बहिणीचं, रोसेंदाचं लग्न. अंडी सकाळी पोचली तरच त्यांच्या बलकांचं लेचे फ्लान वाफेवर चढणार होतं, आणि गोड फ्लानशिवाय लग्नाचं जेवण म्हणजे पाहुण्यांना वर्षभर पुरेल इतका विषय.

बस लुझोन बेटाच्या टोकाला फेरीबोटीच्या धक्क्यावर पोचली, तेव्हा तटरक्षकांनी वादळाचा बावटा चढवला होता. फेरीबोटी बंद. पुढे ट्रक आणि बसची न संपणारी रांग.

"सकाळपर्यंत सुटेल ना बोट, मनोय?" तिनं कंडक्टर एलिसेओला दादा अशी हाक मारत विचारलं.

"ते समुद्राला विचार, इंदाय पोरी. माझ्याकडे फक्त तिकिटं आहेत."

शेजारच्या सीटवर लोला सेबिया नावाची आजी पेंगत होती. तिनं एक डोळा उघडला. "टोपलीत काय गं?"

"अंडी. बहिणीच्या लग्नाची."

लोला ताठ बसली. "अंडी! आणि ती मांडीवर घेऊन तू पावसाकडे बघत बसलीस? अगं, सांता क्लाराला वाहा की! लग्नात पाऊस नको म्हणून तुमच्या घरी वाहिली नाहीत?"

"आईनं वाहिलीत."

"मग आई शहाणी आहे. तू कुणावर गेलीस?"

बिबियाना पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. अंड्यांचा आणि हवेच्या दाबाचा काही संबंध असल्याचं तिला आढळलं नव्हतं. पण आता अख्खी बस तिच्याकडे बघत होती. तिनं एक डझन मोजून दिली. टेकडीवर सांता क्लाराचा मठ होता. एलिसेओ भर पावसात तिचाकी करून गेला, चिंब होऊन परतला, आणि पाऊस दुप्पट झाला.

"एका डझनानं काय होतंय?" ड्रायव्हर म्हणाला. "वादळ केवढं, अंडी केवढी!"

दुसरं डझन गेलं. तेवढ्यात मागच्या बसचा ड्रायव्हर खिडकीशी आला. "आमच्या नावानंही वाहा हो. नाहीतर सांता क्लारा फक्त तुमचीच बस सोडायची." त्याला नाही कसं म्हणणार? त्याच्या मागोमाग एक ट्रकवाला. "माझ्याकडे जिवंत डुकरं आहेत, इंदाय. माझ्याकडे नको, त्यांच्याकडे बघ."

पहाटे टोपलीत भाताचं तूस उरलं होतं आणि तडा गेलेली दोन अंडी. तडकलेलं देवाला चालत नाही.

"आता फ्लानऐवजी आई मलाच वाफेवर चढवेल," बिबियाना पुटपुटली.

उजाडताना मठातल्या नन छत्र्या घेऊन टेकडी उतरल्या. मागे तिचाकीत दोन मोठी पातेली. एकात आल्याची वाफाळती पेज, दुसऱ्यात उकडलेली अंडी. धक्क्यावरच्या टपऱ्यांमधलं खाणं रात्रीच संपलं होतं.

"सात डझन अंडी आम्ही ठेवणार कुठे?" थोरली नन म्हणाली. "उपाशी माणसं तर इथे आहेत."

अंडी कुणाची, ही बातमी रांगेत पसरली. अंडं मिळालेला जो तो बिबियानाकडे येऊन जाऊ लागला. तान्ह्या बाळाची आई नुसता हात दाबून गेली. बिबियानाच्याही वाट्याला एक आलं. तिनं ते मीठ लावून खाल्लं आणि तिला आईची भीती जराशी कमी वाटली.

सातला बावटा उतरला. समुद्र सपाट झाला होता.

"बघ!" लोला सेबिया म्हणाली.

बिबियाना बोटीच्या कठड्याशी उभी राहून समोर बघत होती. "लोला, पाऊस थांबला नाहीये. पुढे गेलाय."

"पुढे कुठे?"

"आमच्या घरी."

लोलानं पुढच्या ढगांकडे पाहिलं. मग उठली आणि ड्रायव्हरशी कुजबुजून आली. दुपारी बोट सामारच्या धक्क्याला लागल्यावर बस हमरस्ता सोडून आत वळली. एकाही उतारूनं हूं की चूं केलं नाही.

चर्चपुढे जीपमध्ये रोसेंदा पांढऱ्या झग्यात रडत बसली होती. जीपपासून पायऱ्यांपर्यंत नुसता चिखल, वरून धारा. छत्री धरून उभ्या आईनं बिबियानाला पाहिलं आणि जवळजवळ रिकामी टोपलीही पाहिली.

"अंडी कुठायत?"

बिबियानानं बसकडे बोट दाखवलं. "ती काय, उतरतायत."

बसमधून चाळीसएक माणसं छत्र्या उघडत उतरत होती. एलिसेओनं टपावरची ताडपत्री ओढून चिखलावर अंथरली. छत्र्यांची दुहेरी रांग पायऱ्यांना जाऊन भिडली. लोला सेबियानं झग्याचा मागचा घोळ उचलून छातीशी धरला. "चल गं पोरी, तुझ्या बहिणीचं खाल्लंय आम्ही!"

रोसेंदा रडता रडता हसली आणि उतरली. ती आत गेल्यावर आईनं डोळे पुसले आणि पायरीवरून ओरडून सांगितलं, "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही! फ्लान नाहीये, पण बाकी सगळं आहे!"

रात्री बिबियानानं पट्टी घेऊन अंगणात उघड्या राहिलेल्या सरळ कडांच्या बादलीतलं पाणी मोजलं. दिवसभराचा पाऊस साडेचार इंच. रोसेंदाच्या झग्याची भिजलेली किनार, फक्त दोन बोटं.