धडकेनंतरचं एकाशन

निपाणीत वाहतुकीचे नियम माझ्याइतके पाठ असलेली दुसरी बाई नसावी. बावन्नाव्या वर्षी स्कूटरचं लायसन्स काढलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी णमोकाराची माळ झाली की नियमांची वही वाचते. शिकवणारे नागेंद्र सर म्हणाले होते, "आक्का, एवढं कोण पाठ करतंय? परीक्षेत चार इचारतात." मी म्हटलं, नियम घेतला की तो अर्धा पाळायचा नसतो.

त्यातला धडकेचा नियम असा: कुणाच्या वस्तूचं नुकसान झालं तर पळायचं नाही. गाडी थांबवायची, ज्याचं नुकसान झालं त्याला नाव-पत्ता द्यायचा. आणि गाडी जागेवरच ठेवायची, चोवीस तासांपर्यंत.

त्या दिवशी माझं एकाशन होतं. आदल्या दिवशी चतुर्दशीचा निर्जळी उपवास झालेला. एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत, सूर्य मावळायच्या आत जेवायचं. जागेवरून उठलं की जेवण संपलं, ताटात काहीही राहो. पण अक्कोळच्या बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, पूजा चार वाजेपर्यंत लांबली. परतताना पोटात असा खड्डा पडला होता की रस्त्यावरचे खड्डे सपाट वाटावेत. गावात शिरताना त्यातलाच एक चुकवायला गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या जीपला मागून धडकले. तिचा लाल दिवा फुटला. माझी स्कूटर तिच्यामागे आडवी झाली.

मला खरचटलंसुद्धा नाही. पण जीपच्या मागच्या काचेवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पोलीस'.

आसपास कुणी नव्हतं. ठाण्यात फोन लावला. आवाज माझा मुळात बारीक, त्यात भीती.

"जोरात बोला की बाई."

"मी जीपला धडकले. पळाले नाही."

"कुणाच्या जीपला?"

"तुमच्याच."

"आमची तर दारात उभी हाय."

म्हणजे ही नक्की मोठ्या साहेबांची! माझ्या डोळ्यांपुढे तुरुंगातलं ताट आलं, आणि त्यात कांद्याची आमटी. मी ती कशी खाणार होते?

"नंबर सांगा. येतो आमी," पलीकडून आवाज आला.

मग सुनेला, त्रिशलाला, फोन केला. ती धावत आली. "आई, चिठ्ठी लावू आणि घरला जाऊ. दिवस मावळंल."

"चोवीस तास हलायचं नाही गं."

"मग रात्री हितंच झोपणार?"

"झोप कुठली येतेय. माळ ओढीन."

त्रिशलानं कपाळाला हात लावला, आणि गुणाची पोर, घरी जाऊन डबा घेऊन आली. स्कूटरला लागून चटई अंथरली. मी बसले. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी. जेवताना माझं मौन असतं. दुसरा घास तोंडात घातला आणि समोरच्या दारातून एक मिशाळ गृहस्थ बाहेर आले.

"ओ आक्का, स्कूटर काढा. मला जायाचं हाय."

मी मान हलवली आणि डाव्या हाताने स्कूटरचं चाक धरून ठेवलं.

"ह्या बोलत का न्हाईत?"

"जेवताना बोलत न्हाईत," त्रिशला म्हणाली. "तुमचा दिवा त्यांनी फोडलाय. तुमचं नाव काय?"

"आण्णाप्पा. दिवा असू दे. जावा तुमी."

"आता कसं जाणार? पोलिसांना कळवलंय, येतीलच ते."

आण्णाप्पांचा चेहरा भिजलेल्या कागदासारखा झाला. "कशाला कळवलासा? दिवा पयल्यापासनंच तसा हाय!" असं म्हणत ते खाली बसून काचांचे तुकडे गोळा करून खिशात घालायला लागले. मग बंपरवर एक पाय टेकवून काचेवरची अक्षरं नखांनी खरवडू लागले. 'पो' गेला आणि मोटारसायकल आली.

हवालदार उतरले. त्यांनी काठी आपटली. "गाडी कुणाची?"

मी ताडकन उभी राहिले. मौन मोडलं ते कळलंही नाही.

"माझी. धोंडूबाई जिनाप्पा मगदूम, मुक्काम निपाणी, बस्तीच्या मागे. दिवा मी फोडला. चोवीस तास हलणार नाही."

हवालदारांनी काठी जीपकडे केली. "आक्का, मी ह्या जीपचं इचारतोय. नंबर आमच्या खात्याचा न्हाय. ह्यो आमच्यात कवा भरती झाला ते बघायला आलोय." आण्णाप्पा पोलिसात असलेल्या साडूचं काहीतरी सांगू लागले. "आणि चोवीस तास म्हंजे लईत लई. तुमचं काम पाच मिनिटांचं. ह्याची तर तक्रारबी न्हाय. बसा, निवांत जेवा तुमी."

मी चटईकडे पाहिलं. अख्खी भाकरी, त्यातले दोन घास गेलेले. सूर्य अजून कासराभर वर होता.

त्रिशलानं डब्याला झाकण लावलं.

नाव-पत्ता मात्र मी नियमाप्रमाणे पूर्ण सांगितला होता. फक्त तो कुणी मागितला नव्हता.