टिल्लूजींच्या पंखवाल्याचं बारसं

२०२२ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात मला एका पुरुषाचा हेवा वाटायला लागला. बरं, तो पुरुष अजून जन्मालाही आला नव्हता. टिल्लूजींच्या डोक्यात होता.

टिल्लूजी आमच्या नानाखेड्याच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलं नाही. बँकेत लोकांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात जन्म गेला. आम्ही तळमजल्यावर, मी आणि मालती. एकदा मी कोपऱ्यावरच्या टेलरकडे पायजमा टाकायला गेलो, तर टिल्लूजी आधीच तिथं उभे. विचारत होते, "मास्टर, आदमी को एक ही पंख हो, बाएँ कंधे पे, तो कुर्ते की पीठ कैसे काटोगे?"

मास्टरनं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

"किसके लिए बनाना है, साब?"

"अभी नहीं बनाना. पहले उसकी पार्श्वभूमी पक्की होने दो."

पार्श्वभूमी हा त्यांचा लाडका शब्द. पार्टीची पार्श्वभूमी बघितल्याशिवाय आयुष्यात कधी सही केली नाही म्हणतात. भोपळा घेतानाही विचारतील, "कुठल्या शेतातला? पार्श्वभूमी काय?" तर रिटायर झाल्यावर ह्या गृहस्थांनी कादंबरी लिहायला घेतली. क्षिप्रेच्या पाण्याखाली म्हणे एक उलटं शहर आहे. तिथले लोक छताला पाय लावून चालतात, आणि त्या शहराचा पहारेकरी हा एका पंखाचा माणूस. गोष्ट काही पहिल्या पानापुढे जात नव्हती, कारण एकच पंख का, तेच ठरत नव्हतं.

ते ठरवायला बिल्डिंगमधल्या बायका दुपारच्या चहाला टिल्लूजींकडे जमू लागल्या. सगळ्यांत पुढे आमची मालती.

मी चौथी पास. पुस्तकातलं मला सांगू नका. पण माधव नगरात मी जन्मभर पिठाची चक्की चालवली आहे, आणि दळण होईस्तोवर गिऱ्हाईक माझं बोलणं ऐकत उभं राहायचं. घरी मालती ऐकायची. कोणाचा गहू ओला निघाला, कोणाच्या सुनेनं ज्वारीत बाजरी मिसळली, सगळं. आता मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "थांबा हो, मी त्याचा विचार करतेय."

एका रात्री पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आज त्याला गोवर निघाला."

"कोणाला?"

"पंखवाल्याला. सहा वर्षांचा होता. ताप पंखात उतरला आणि उजवा पंख गळून पडला." एवढं बोलून तिनं पदरानं डोळे पुसले.

मी म्हटलं, "मलाही गोवर निघाला होता."

"सगळ्यांनाच निघतो," ती म्हणाली आणि तिनं पोळी उलटली.

तुम्हीच सांगा. इतकी वर्षं ह्या बाईशी संसार केला, माझं लहानपण कसं गेलं हे तिनं कधी विचारलं नाही. आणि ह्या एकपंख्याला कोणत्या कुशीवर झोप लागते, भूक लागली की तो कोणाला हाक मारतो, सगळं हिला तोंडपाठ! मग गूळपोळ्या झाल्या. मला वाटलं, माझ्यासाठी. त्या डब्यात भरून वर गेल्या. त्याच्या आईच्या हातच्या गूळपोळीची चव टिल्लूजींना कळायला हवी ना! मला त्यातली एक मिळाली, तीही फुटलेली.

मी जिन्यात टिल्लूजींना गाठलं. "टिल्लूजी, मारून टाका त्याला एकदाचा."

"कारण?"

"मरायला काय कारण लागतं? उलट्या शहरातून पडला, खलास!"

टिल्लूजींनी चष्मा काढून पुसला. "भाऊसाहेब, पार्श्वभूमी नसताना मी माणूस मारत नाही."

पुढे नावावर गाडी अडली. टिल्लूजींचा हट्ट असा की, पार्श्वभूमी पुरी झाल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. मालती म्हणाली, "लोक बाराव्या दिवशी ठेवतात, तुमचं तर वर्ष होत आलं. पोराला काय 'अहो' म्हणून हाक मारायची? बारसं करून टाकू." बायकांनी उचलून धरलं. बाळ नव्हतं, म्हणून पाळण्यात वरवंटा ठेवायचं ठरलं. बारशात तसा तो लागतोच. टिल्लूजींकडे होता मिक्सर, म्हणून वरवंटा आमचा.

माझ्या आईचा वरवंटा! मी तो पलंगाखाली ट्रंकेमागे सरकवून ठेवला.

मालतीनं शोधायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. म्हणाली, "राहू दे. शेजारच्या शर्माभाभींचा बट्टा आणते."

हे मात्र मला चालण्यासारखं नव्हतं. व्हायचाच असेल तर तो आमच्या दगडाचा व्हावा. मीच वरवंटा धुतला, मीच दोन मजले वर नेला आणि दारातच उभा राहिलो. आत पाय ठेवणार नव्हतो.

टिल्लूजींनी घर झाडून काढलं होतं. हरभऱ्याच्या घुगऱ्या स्वतः केल्या होत्या, मीठ जरा जास्तच. झुंबराच्या जुन्या हुकाला साडीचा पाळणा बांधलेला. मालतीनं वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली. शर्माभाभी हसून लोटपोट. "अरे दीदी, ये तो बिलकुल टिल्लूजी पे गया है!"

मग प्रश्न आला, बाळ आधी कोणाच्या मांडीवर द्यायचं? आई तर नाही. मालती म्हणाली, "बाप आहे की!" आणि तिनं वरवंटा टिल्लूजींच्या मांडीवर ठेवला.

माझ्या जिभेवर एक चांगला टोमणा आला होता. तो तसाच राहिला. टिल्लूजींनी डावा तळवा हळूच कुंचीखाली सरकवला होता. दगडाची मान सांभाळली होती. बायका पाळण्याची गाठ तपासत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. टिल्लूजींनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊसाहेब, मान अशीच धरतात ना? मी कधी... आमच्याकडे तसा प्रसंगच आला नाही."

मी आत गेलो. त्यांचं कोपर जरा वर उचलून दिलं. म्हटलं, "आता बरोबर आहे."

मालती आत्या झाली. तिनं पाळण्यात वाकून वरवंट्याच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्यानं म्हणाली, "पाखऱ्या!"

"पाखऱ्या?" टिल्लूजी गडबडले. "पण ह्या नावाची पार्श्वभूमी?"

"आत्यानं ठेवलं, हीच पार्श्वभूमी. घुगऱ्या वाटा."

मालती आत्या, म्हणजे टिल्लूजी तिचे भाऊ झाले, म्हणजे माझे मेहुणे. माझा हेवा काही एकदम गेला नाही. तसा तो अजूनही पुरता गेलेला नाही. पण त्या रात्री घुगऱ्या खाताना एक गोष्ट डोक्यात आली. भोपळ्यापासून पाखऱ्यापर्यंत सगळ्यांची चौकशी करणाऱ्या ह्या माणसाला, माझ्यासारखंच, कोणी काही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी वर गेलो. टिल्लूजींनी दार उघडलं. "वरवंटा न्यायला आलात?"

"राहू द्या तो. तुमचं लहानपण कुठं गेलं, टिल्लूजी?"

"माझं? कशाला?"

"असंच."

ते मला आत घेऊन गेले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आगर तालुक्यात एक गाव होतं..."

दुपार होत आली तरी आम्ही बसलेलोच होतो. मालतीनं जिन्यातून हाक मारली, "अहो, जेवायचं नाही का?" तिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा मी दारात जाऊन ओरडलो, "थांब जरा! टिल्लूजी अजून तिसरीत आहेत."