अडखळणाऱ्या भिंगरीची तपासणी

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती आणि तिथे खारबाई शिकवत. वरून हुकूम आला होता : प्रत्येक पिल्लाला अस्खलित वाचता आलं पाहिजे. एक जरी अडखळलं, तर बाईंची बदली उजाड माळावर.

माळावर औषधालाही झाड नव्हतं. खारीने राहायचं कुठे?

म्हणून बाई 'आमचे रान' हा एकच धडा रोज वीस वेळा म्हणून घेत. पिल्लं पुस्तकाकडे न बघता धडाधड वाचू लागली.

एक दिवस सशीण आली. नदीला सात डोह होते आणि सात पाट्या. सहांवर लिहिलेलं, 'खुशाल प्या'. सातवीवर, 'इथे मगर आहे'. मगर डोह बदलायची, तशी माकडं पाट्या बदलायची.

"बाई, माझ्या भिंगरीला तेवढी पाटी वाचता येऊ द्या," सशीण म्हणाली. "तिच्या दादाला आली नाही."

दादाचा 'आमचे रान' तोंडपाठ होता. बाईंना फार वाईट वाटलं. लाजही वाटली.

त्या दिवसापासून शाळा सुटली, की बाई भिंगरीकडून धुळीत अक्षरं गिरवून घेत. चुकलं की शेपटीने पुसत. दिवाळीपर्यंत भिंगरी वाचू लागली. हळूहळू, पण खरंखुरं.

मग तपासणीला सांबरसाहेब आले. ते याच शाळेत पहिले आलेले. बाकी सगळ्या पिल्लांनी एका दमात धडा वाचला. दोघांची पुस्तकं उलटी होती. साहेबांनी 'उत्तम' असा शेरा मारला.

भिंगरीने पुस्तकात बघून वाचलं. वेळ लागला.

"अप्रगत," साहेब म्हणाले. "हिला ही सवय कुणी लावली?"

"मीच, साहेब."

साहेबांनी बदलीच्या हुकुमावर सही केली. मग त्यांना तहान लागली. वाट दाखवायला बाईंनी भिंगरीला धाडलं.

डोहाशी पाटी होती. भिंगरी वाचू लागली, "इ... थे... म... ग..."

"पुन्हा अडखळलीस," साहेब मायेने म्हणाले. "उद्या पाठ करून ये हं." आणि ते पाण्यात उतरले.

रीतसर चौकशी झाली. मुलीचं वाचन वेळेत पूर्ण झालं नाही, असं ठरलं. तिचा शेरा कायम राहिला. बाईंची बदलीही कायम, कारण सही आधीच झाली होती.

माळावर झाड नाही, पण धूळ भरपूर आहे. सशीण भिंगरीला रोज तिकडे पाठवते. आता सांबरीणही आपलं पाडस पाठवते.

तात्पर्य : वाचन नेहमी भरभर करावे. काय लिहिले आहे, ते पुढे मगर सांगतेच.